हरित द्वीपाचे दर्शन

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला परदेशप्रवासावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा स्वित्झर्लंडची हिमशिखरे किंवा पॅरिसचा मनोरा अशी असावी. त्या स्थळांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांनी ती स्थळे पाहिलीही आहेत. मी आज आयर्लंडविषयी बोलणार आहे. कारण अगदी घरगुती आहे. आपल्या ज्ञातीतील बरीच मुले-मुली आता डब्लिनमध्ये नोकरीस आहेत. त्यांचे आईवडील नातवंडे सांभाळण्यासाठी तेथे जातात, दोन-तीन महिने राहतात, आणि परत आल्यावर "कसा आहे देश?" म्हणून विचारले तर "थंडी फार, पाऊस सारखा" एवढेच सांगतात. मुलाच्या घराच्या खिडकीतून जेवढा देश दिसतो तेवढाच पाहून ते परततात. ही मोठी हानी आहे असे मला वाटते, आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

पावसाचे म्हणाल तर तक्रार खोटी नाही. पश्चिम किनाऱ्याच्या काही भागांत वर्षातले सव्वादोनशे दिवस पाऊस पडतो. परंतु कोकणात वाढलेल्या माणसाने त्याला भिण्याचे कारण नाही. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि मग पाठ फिरवतो; तिकडचा पाऊस वर्षभर पाहुण्यासारखा येतो, अर्धा तास बसतो, निघून जातो. त्याच्यामुळेच त्या बेटाला तो हिरवा रंग आला आहे. संपूर्ण बेट आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडेसेच मोठे. डब्लिनहून पश्चिमेच्या गॉलवे शहरास आगगाडीने अडीच तासांच्या सुमारास पोहोचता येते. म्हणजे मुंबईहून पुण्यास जाण्याइतकाच हा उद्योग आहे, आणि मे-जून महिन्यांत तर रात्री दहापर्यंत उजेड असतो.

डब्लिन शहराबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते पाहण्यास कोणाच्या शिफारशीची गरज नाही. ट्रिनिटी महाविद्यालयातील 'बुक ऑफ केल्स' हा सुमारे इसवी सन ८०० च्या आसपास वासराच्या कातड्यावर लिहिलेला, रंगांनी नटलेला ग्रंथ अवश्य पाहावा. ॲबी नाट्यगृह पाहावे. ते १९०४ साली उघडले आणि १९१३ साली तेथे रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकाचा प्रयोग झाला. त्या नाट्यगृहाचे एक संस्थापक कवी येट्स यांनीच 'गीतांजली'च्या इंग्रजी आवृत्तीस प्रस्तावना लिहिली होती. एवढे झाले की शहर सोडावे.

शहर सोडताना प्रथम उत्तरेकडे बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज येथे जावे. बाहेरून पाहिले तर गवताने आच्छादलेली एक विस्तीर्ण टेकडी. परंतु ही टेकडी मनुष्याने सुमारे पाच हजार दोनशे वर्षांपूर्वी रचली आहे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी. आत सुमारे एकोणीस मीटर लांबीचा अरुंद दगडी मार्ग आहे आणि शेवटी एक दालन. दाराच्या वर एक झरोका ठेवलेला आहे. दक्षिणायन संपण्याच्या सुमारास, २१ डिसेंबरच्या आगेमागे, सूर्योदयाचा किरण त्या झरोक्यातून शिरतो आणि सुमारे सतरा मिनिटे आतले दालन उजळून टाकतो. उत्खनन करणारे प्राध्यापक ओ'केली यांनी १९६७ साली आत एकट्याने उभे राहून हे प्रथम पाहिले. आपल्याला हे ऐकताना कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवल्यावाचून राहणार नाही. डिसेंबरातल्या त्या मोजक्या सकाळी आत प्रवेश मिळावा म्हणून सोडत काढली जाते. इतर दिवशी मार्गदर्शक दिवे मालवून विजेच्या दिव्याने त्या किरणाची नक्कल करून दाखवितो. नक्कल आहे हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो.

आता पश्चिमेकडे वळू. माझ्या मते आयर्लंडचे खरे दर्शन तेथेच घडते. प्रवासी कंपन्या आपणास मोहेरच्या कड्यावर नेतात. सातशे फूट उंचीचा तो कडा आणि खाली आदळणारा अटलांटिक महासागर हे दृश्य भव्य आहे यात शंका नाही. पण तेथे मोटारींच्या रांगा आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची दाटी इतकी असते की समुद्राकडे पाहण्यापेक्षा माणसे चुकवण्यातच वेळ जातो. ब्लार्नीच्या किल्ल्यातील दगडाचे चुंबन घेतल्यास वक्तृत्व प्राप्त होते, अशीही एक समजूत आहे. आपल्या मंडळाच्या सभांत वक्तृत्वाची टंचाई कधी जाणवलेली नसल्याने तो खटाटोप आपण वगळला तरी चालेल.

कड्याच्या जवळच बरेन नावाचा प्रदेश आहे. मैलोगणती उघडा चुनखडीचा खडक. रत्नागिरीचा कातळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची थोडीफार कल्पना येईल. आपल्या सड्यावर पावसाळ्यात जशी इवली फुले उमलतात तद्वत तेथे खडकांच्या भेगांतून मे महिन्यात फुले येतात, आणि त्यांत नवल असे की आल्प्स पर्वताच्या थंडीत वाढणारी निळी जेन्शियन आणि भूमध्य समुद्राकाठच्या ऊबेत वाढणाऱ्या वनस्पती एकमेकींच्या शेजारी नांदतात.

तेथून होडीने अरन बेटांवर जाता येते. ही तीन बेटे त्याच खडकाची आहेत. मुळात तेथे माती जवळजवळ नव्हतीच. लोकांनी समुद्रातून शेवाळ आणि किनाऱ्यावरून वाळू पाठीवर वाहून आणली, खडकावर थर दिले आणि शेत तयार केले. वाऱ्याने ती माती उडून जाऊ नये म्हणून सुट्या दगडांचे गडगे रचले. आजही बेटावर उभे राहिले की गडग्यांच्या जाळ्यात अडकलेले हातरुमालाएवढे शेतांचे तुकडे दिसतात. 'शेत विकत घेतले' किंवा 'वारशाने मिळाले' असे आपण म्हणतो. येथल्या लोकांच्या पूर्वजांनी शेत अक्षरशः घडविले आहे. सिंज हा नाटककार या बेटांवर येऊन राहिला होता, आणि समुद्रात एकामागून एक पुत्र गमावणाऱ्या मातेची त्याची नाटिका येथल्याच जीवनातून निर्माण झाली. इनिश मोर या मोठ्या बेटावर समुद्राच्या काठावर, शंभर मीटर उंच कड्याच्या अगदी टोकाशी, एक प्राचीन दगडी कोट आहे. त्याला कठडा नाही. नातवंडांचा हात घट्ट धरावा.

गॉलवेच्या पलीकडे कॉनेमारा हा डोंगर, तळी आणि दलदलीचा प्रदेश. तेथे बॅलिनाहिंच नावाचा एक वाडा आहे. १९२४ साली तो कोणी विकत घेतला असेल? आपले क्रिकेटपटू रणजितसिंहजी, नवानगरचे जामसाहेब यांनी. नदीत मासे पकडण्याच्या नादापायी त्यांनी तो घेतला आणि पुढे १९३३ मध्ये निवर्तेपर्यंत तो त्यांचाच होता. आता तेथे हॉटेल आहे.

या प्रदेशात फिरताना डोंगरउतारांवर समांतर वरंबे दिसतात, जणू कोणी फणी फिरवली आहे. वर गवत वाढलेले, आसपास घर नाही, माणूस नाही. प्रथम मला तो निसर्गाचाच आकार वाटेल असा होता. चौकशी करता कळते की ते बटाट्यांचे वाफे आहेत. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळांचे सारे अन्न बटाटाच, कारण धान्य पिकत असे ते जमीनदाराचा खंड भरण्यात जाई. पुढील सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीस लागली. आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडला जात राहिली. १८४१ च्या शिरगणतीत ब्याऐंशी लाखांच्या जवळ असलेली लोकसंख्या १८५१ साली साडेपासष्ट लाखांवर आली. आज उत्तर आणि दक्षिण दोन्ही भाग मिळूनही बेटाची लोकसंख्या १८४१ च्या आकड्यास पोहोचलेली नाही. ते वाफे ज्यांनी ओढले त्यांचे पुढे काय झाले हे सांगणारे त्या डोंगरावर कोणी उरलेले नाही.

रॉसकॉमन परगण्यात स्ट्रोक्सटाउन येथे दुष्काळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेही एका जमीनदाराच्याच वाड्याच्या आवारात. १८४७ साली या इस्टेटीवरील १४९० माणसांना घरे सोडून डब्लिनपर्यंत पायी जावे लागले. तेथून ती जहाजाने कॅनडाकडे रवाना झाली. ती १६५ किलोमीटरची वाट आता पदयात्रेसाठी आखली आहे आणि जागोजागी मुलांच्या बुटांच्या ओतीव प्रतिकृती बसविल्या आहेत. मेयो परगण्यातील अकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी तर एक संपूर्ण ओसाड गाव आहे. ऐंशी-शंभर दगडी घरे, छप्परे नाहीत, भिंती उभ्या. तेथे शेळ्यामेंढ्या चरतात. आपल्यापैकी ज्यांची कोकणातली घरे वर्षातून गणपतीचे पाच दिवस उघडतात, त्यांना तेथे फार वेळ उभे राहवणार नाही.

परागंदा झालेल्यांचे वंशज आज अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आपले मूळ गाव शोधीत येतात. आपल्याकडे कुलवृत्तान्त छापण्याची प्रथा असल्याने या धडपडीचे मोल आपणास अधिक कळेल. त्यांच्या आडनावांतील 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज आणि 'मॅक' म्हणजे पुत्र, तेव्हा आडनाव हीच अर्धी वंशावळ. परंतु १९२२ च्या यादवीत डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील शिरगणतीची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली. मग लोक गावच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या चाळतात, स्मशानातील दगड वाचतात. १९०१ आणि १९११ च्या शिरगणत्या मात्र वाचल्या आहेत आणि कोणासही घरबसल्या पाहता येतात. मंडळाच्या कुलवृत्तान्त समितीने आपल्याकडील जुन्या वह्यांच्या प्रती वेळेवर काढून ठेवाव्यात, एवढी विनंती मी येथेच करून ठेवतो.

दुष्काळाने माणसांबरोबर भाषाही नेली, कारण मेलेल्यांत आणि परागंदा झालेल्यांत आयरिश बोलणारे गरीबच अधिक होते. पण सारा दोष दुष्काळाला देता येत नाही. त्याच्या आधीपासून शाळांतून इंग्रजी शिकविली जात होती, आणि कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजून शिक्षा. ही खाच पाडण्याचे काम पुष्कळदा खुद्द आईबाप करीत. मुलाने परदेशी जाऊन पोट भरावे, ही त्यांची इच्छा. तीत दुष्टपणा नव्हता. आपल्या घरी नातवाने 'अडोतीस' म्हटले की 'थर्टी एट म्हण' असे सांगणारे आपणही दुष्ट नाही.

१८९३ साली डग्लस हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन केली. हेच हाइड पुढे १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली. (या घटनेतूनच आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, हे येथील वकील मंडळींस सांगावयास नको.) राजाश्रय मिळाला, शाळांत भाषा सक्तीची झाली, २००७ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. तरीही २०२२ च्या शिरगणतीत आयरिश येते असे म्हणणारे सुमारे पावणेएकोणीस लाख निघाले, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे फक्त बहात्तर हजारांच्या आसपास. हे दोन आकडे मी डब्लिनला असताना टिपून ठेवले, ते अजून मनातून जात नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरील काही भागांत, ज्यांना 'गेलटख्त' म्हणतात, रस्त्यावरच्या पाट्यांवर केवळ आयरिश आढळते, आणि दुकानात दूध घेताना ती कानी पडते. शहरातील शाळकरी मुले उन्हाळ्यात तेथील कुटुंबांत तीनेक आठवडे राहावयास जातात, आणि त्या काळात इंग्रजी बोलण्यास मनाई असते. घरधनीण जेवू घालते आणि तिच्याशी बोलल्याखेरीज पोळी मिळत नाही. आपल्या मंडळाची गावाकडची वसतिगृहे मे महिन्यात रिकामी असतात, त्यांचा असा उपयोग होऊ शकेल काय, याचा कार्यकारिणीने विचार करावा.

लोकांच्या श्रद्धांविषयी थोडे सांगतो. मेयोमधील क्रोग पॅट्रिक या ७६४ मीटर उंच डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू चढतात, काही अनवाणी. वाट सुट्या धोंड्यांची आहे. पवित्र विहिरी गावोगाव आहेत, आणि जवळच्या झाडास लोक नवसाच्या चिंध्या बांधतात. शेताच्या मधोमध एकटा हॉथॉर्नचा वृक्ष असेल तर शेतकरी तो तोडत नाही; त्याखाली परीगण राहतात. १९९९ साली क्लेअर परगण्यात मोठ्या रस्त्याच्या मार्गात असा एक वृक्ष आला, तेव्हा लोकांनी गलका केला आणि रस्ता करणाऱ्यांनी त्याला सांभाळून घेतले. पिंपळावरच्या मुंजाचा वचक आपल्याकडे ज्या प्रमाणात कमी झाला त्या प्रमाणात पिंपळही कमी झाले, असे मला पुष्कळदा वाटते.

संगीत ऐकण्यासाठी मद्यगृहात जावे लागते, हे या व्यासपीठावरून सांगताना संकोच होतो. परंतु तेथे कोपऱ्यातल्या टेबलाभोवती चार-सहा गावकरी फिडल, बासरी, काखेत दाबून वाजविण्याची पाइप आणि बोढ्रान नावाचा हातडफ घेऊन बसतात. तिकीट नाही, मंच नाही. ज्याला वाजविता येते तो येऊन सामील होतो. आपल्या भजनी मंडळाची रीत डोळ्यांपुढे आणा. शेजारी बसून चहा मागितला तर कोणीही भुवई उंचावीत नाही. चहा पिण्यात हे लोक आपल्यास हार जाणारे नाहीत. शाकाहारी मंडळींनी सोडा-ब्रेड, लोणी आणि कोबी घातलेला कुस्करलेला बटाटा यांवर निर्धास्त राहावे.

लॉख मास्क सरोवराच्या काठी मेयो परगण्यात १८८० साली कॅप्टन बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी राहत होता. त्याने कुळांना बेदखल करण्याचे काम चालविले, तेव्हा गावाने त्यास वाळीत टाकले. मजूर कापणीस येईनात, दुकानदार माल देईनात. शेवटी उत्तरेतून मजूर आणून शेकडो सैनिकांच्या पहाऱ्यात कापणी करावी लागली, आणि तिचा खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. त्याचे आडनाव जगातील अनेक भाषांत शिरले, आणि १९०५ नंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' म्हणून तेच शस्त्र आपल्या हाती आले. आता एका ज्ञातिमंडळाच्या सभेत हे बोलताना मी पुढचे वाक्य गिळणे बरोबर होणार नाही. जुलमी कारभाऱ्यावर उगारलेले हे शस्त्र आणि जातीबाहेर लग्न केले म्हणून आपल्याच एखाद्या भाच्यावर उगारलेले तेच शस्त्र, यांना एका नावाने ओळखण्यात शब्दाचा अपमान आहे. आपल्या राज्याने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो काही उगाच नव्हे.

याच कारणासाठी बेलफास्ट शहर पाहावे असे मी म्हणतो. उत्तर आयर्लंड ब्रिटिश राज्यात आहे. तेथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये १९६९ पासून भिंती उभारल्या गेल्या. दोन्ही बाजूंना एकच भाषा, एकच ख्रिस्त, एकच पाऊस. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर बरीच शांतता आली. भिंती मात्र अजून पुष्कळ ठिकाणी उभ्या आहेत, आणि काही दरवाजे रात्री बंद होतात. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंस आपापल्या लोकांच्या मदतीसाठी मंडळे होती, वर्गण्या होत्या, स्मरणिकाही असतील. तेथे गेल्यावर हे माझ्या मनात आले, म्हणून सांगितले.

आपला आणि त्या देशाचा संबंध पूर्वीपासूनचा आहे. होमरूल हा शब्द आपण तिकडूनच घेतला. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन १९२७ साली आपल्या पुण्यातच भरले. आणि मालवण तालुक्यातील वराड गावचे मूळ असलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. २०१९ च्या डिसेंबरात ते सहकुटुंब वराडला येऊन गेले. आपले मूळ गाव पाहावयास येण्याची ही आयरिश रीतच म्हणावयाची.

शेवटी व्यवहाराच्या दोन गोष्टी. आयर्लंड शेंगेन करारात नाही, तेव्हा युरोपचा व्हिसा तेथे चालत नाही. स्वतंत्र घ्यावा लागतो. बेलफास्टकडे जाताना रस्त्यावर चौकी लागत नाही, परंतु तो ब्रिटनचा प्रदेश असल्याने त्याचा परवाना हवाच. व्हिसावर दोन्ही देशांसाठीचा संयुक्त शेरा मिळतो का, हे अर्ज करतानाच विचारावे. चलन दक्षिणेत युरो, उत्तरेत पौंड. मोटारी आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, पण खेड्यांतले रस्ते अरुंद आणि दोन्हीकडे गडगे, तेव्हा मुलांना घाई करू देऊ नये. न्यूग्रेंजचे तिकीट आधी काढावे. दहा दिवस असतील तर डब्लिनला दोनच द्यावेत, बाकीचे पश्चिमेला. आणि एका गावात निदान तीन रात्री राहावे, कारण पहिल्या दिवशी हे लोक हवामानावरच बोलतात, घरच्या गोष्टी तिसऱ्या दिवशी निघतात. छत्री नेऊ नये, वारा ती टिकू देत नाही. टोपी असलेला रेनकोट न्यावा.

आता दिवे मालवावेत, म्हणजे अकिलच्या गावाची आणि अरन बेटांची काही छायाचित्रे दाखवितो. त्यानंतर आपले प्रश्न असतील ते विचारावेत.